शेवटचं गिऱ्हाईक कोण? बेळगाव भागात नवा धंदा काढणाऱ्यांसाठी

तिखटवाली (वडगाव)

परवा संध्याकाळी गल्लीतली एक मुलगी दारात आली. बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे. मोबाइल पुढं धरून म्हणाली, "काकू, नव्व्याण्णव रुपयांचा वर्ग हाय. घरात बसून महिन्याला लाखभर कसे मिळवायचे ते शिकवतात म्हणे. भरू काय?" मी फसले होते त्या जाहिरातीपेक्षा यातला माणूस वेगळा होता, त्याच्यामागची गाडी वेगळी होती, खरं खाली उलटं चालणारं घड्याळ तेच होतं. पोटात गोळाच आला माझ्या. तिला बसवून चहा केला आणि माझं सगळं सांगितलं. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी भागात धंद्याची जुळवाजुळव करणारी पोरं या चर्चागटात बरीच आहेत, म्हणून तेच इथंही लिहिते. जाणत्यांनी भर घालावी.

२०२१ सालचा उन्हाळा, कोरोनाची दुसरी लाट. नवरा उद्यमबागेच्या औद्योगिक वसाहतीत, फौंड्रीत. आठवड्यात दोनच पाळ्या मिळत होत्या. तेव्हा मीही असेच नव्व्याण्णव रुपये भरले. रविवारी सात वाजता सुरू झालेला वर्ग साडेदहाला संपला. पहिले दोन तास त्या माणसानं स्वतःची गरिबी सांगितली. आईचं मंगळसूत्र, फीसाठी हात पसरणं, सगळं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं. मग ४,९९९ चा कोर्स, 'आज रात्री बारापर्यंतच'. पावणेबाराला भरले. आठ दिवसांनी कळलं की खरी कमाई वरच्या टप्प्यात आहे आणि त्याचे ३५,०००. दोन पाटल्या सोसायटीत गहाण ठेवल्या.

त्या पस्तीस हजारांत काय शिकवलं ते ऐका. ओळखीच्या शंभर जणांची यादी करा. स्टेटसला रोज काहीतरी प्रगतीचं टाका. 'काय करतेस' असं कुणी विचारलं तर नाव सांगू नका, 'भेटून सांगते' म्हणा. ग्रुपवर पैसे मिळाल्याचे फोटो येतील, ते पुढं पाठवा. तुमच्यामुळं जो कोर्स घेईल त्याच्या फीतले निम्मे तुमचे. झालं शिक्षण. मार्केटिंग शिकायला गेले होते आणि विकायला माझ्या हातात दिला तो तोच कोर्स.

मी दोघींना आणलं. एक चुलत नणंद. दुसरी आमच्या भिशीतली मैत्रीण. तिनं शिलाई मशीन घ्यायला पैसे साठवले होते, त्यातले ४,९९९ माझ्या शब्दावर भरले. तीन महिन्यांनी भिशीच्या दिवशी मी तिला सांगितलं की यात काही नाही, मी फसले आणि तुलाही फसवलं. ती काही बोलली नाही. समोरचा चहाचा कप बशीसकट बाजूला सरकवला आणि "असू दे" म्हणाली. तो कप सरकवल्याचा आवाज अजून कानात आहे. तिचे पैसे मी पुढं पाच महिन्यांत फेडले, चटणी विकून.

चटणीचं सांगते. सासूबाईंच्या हातची कांदा-लसूण चटणी. तिखटपणाला संकेश्वरी मिरची, रंगाला ब्याडगी. पहिल्या खेपेला सहा किलो करून एका किराणा दुकानात घेऊन गेले. दुकानदार वयस्क होते. वास घेतला, बोटावर चाखून बघितली आणि म्हणाले, "वैनी, चांगली हाय. हे कोण खाणार ते सांगा, मग ठेवतो." मी म्हटलं, सगळेच खातील. "सगळे म्हणजे कोणच न्हवं," असं म्हणून त्यांनी डबा परत दिला.

घरी येताना तेच डोक्यात. हे कोण खाणार? आणि मग लखकन कळलं की त्या कोर्सचं नेमकं काय चुकीचं होतं. त्याला खाणारं कुणी नव्हतंच. घेणारा प्रत्येक जण पुढं विकायलाच घेत होता. चटणी शेवटी कुणाच्या तरी भाकरीवर जाऊन संपते. तो कोर्स कुठंच संपत नव्हता.

तेव्हापासून कुणीही धंद्याचं काही सांगायला आलं की मी एवढंच विचारते. शेवटचं गिऱ्हाईक कोण? जो हा माल पुढं विकणार नाही, स्वतः वापरेल आणि पुढच्या महिन्यात परत मागेल, असा एक तरी माणूस दाखवा.

माझ्या चटणीचे खाणारे शोधायला चार महिने लागले. इंजिनिअरिंगच्या मुलांच्या मेस चालवणाऱ्या दोघी निघाल्या. त्यांना पाच किलोचा डबा हवा होता, तेल कमी. दुसरे म्हणजे गणपतीला गावी येऊन पुण्याला, बेंगळूरला परत जाणारे. त्यांची तक्रार चवीची नव्हतीच. "काकू, बसमध्ये तेल गळतंय, सगळी बॅग वास मारते." मग जाड पिशवी आणली, दोनदा सील केली, बाहेरून कागदी वेष्टन. त्या एका बदलानं जेवढी विक्री वाढली तेवढी कुठल्याच जाहिरातीनं वाढली नाही. जाहिरातही करून बघितली होती. फेसबुकवर १,५०० रुपये घातले, २१२ लोकांनी आवडलं म्हणून खूण केली, तीन फोन आले, त्यातला एक नागपूरचा. विक्री शून्य. पुढं जाहिरात फक्त शहराच्या आसपासच्या आठ किलोमीटरांपुरती ठेवली, मजकूर मराठी आणि कन्नड दोन्हीत, आणि फोटोत वेष्टनाऐवजी भाकरीवर घातलेली चटणी. तेव्हा फोन वाजायला लागला.

दराची चूक मात्र वर्षभर केली. किलोला मिरची-खोबरं-लसूण धरून साहित्य ३४० रुपये. मी ४५० ला विकत होते आणि ११० सुटतात म्हणून खूश. डंकावर कुटायचे ४०, पिशवी-लेबल २८, गॅस १५, ने-आण १२, हे धरलंच नव्हतं. ते धरून ४३५. आणि माझी, सासूबाईंची मजुरी? साठ रुपये जरी धरली तरी ४९५. म्हणजे किलोमागं पंचेचाळीस रुपये मी लोकांना वाटत होते. एका रात्री वहीत मांडलं तेव्हा हात थरथरले. आता थेट घेणाऱ्याला ६४० दर आहे. दुकानदाराला वीस टक्के सोडले तर हातात ५१२ येतात, म्हणजे सतराच रुपये. म्हणून दुकानं मी तीनच ठेवली आहेत.

---

खातेवही (टिळकवाडी)

ताई, तुम्ही नणंदेचं आणि मैत्रिणीचंही लिहिलंत, ते लिहायला धीर लागतो. मी बँकेतून निवृत्त झालो आहे. काउंटरवर बसून अशा किती लोकांचे सोनेतारण केले त्याची गणती नाही, आणि दर वेळी वाटायचं की या माणसाला दोन शब्द सांगावेत.

तुमच्या प्रश्नाला मी आकड्यांची जोड देतो. प्रत्येकानं पाचच जण आणायचे असं धरा. पहिल्या पायरीला ५, मग २५, १२५, ६२५, ३,१२५. इथपर्यंत सोपं वाटतं. पुढं १५,६२५, मग ७८,१२५, मग ३,९०,६२५, मग १९,५३,१२५ आणि दहाव्या पायरीला ९७,६५,६२५. २०११ च्या जनगणनेत सगळ्या बेळगाव जिल्ह्याची लोकसंख्या ४७,७९,६६१ होती, पाळण्यातल्या पोरांसकट. म्हणजे दहाव्या पायरीला दोन जिल्हे रिकामे करावे लागतील. आणि साखळी कुठंही थांबली तरी साधारण पाचातले चार लोक शेवटच्या ओळीत असतात, ज्यांच्याखाली कुणीच नसतं. त्यांनी मेहनत केली नाही म्हणून ते बुडाले, असं वरचे सांगतात. ते खरं नाही. त्यांच्यासाठी गिऱ्हाईक शिल्लकच नव्हतं.

कायदाही सांगून ठेवतो. माणसं जोडून पैसे फिरवणाऱ्या योजनांवर १९७८ च्या कायद्यानं बंदी आहे. त्यात योजना चालवणं तर गुन्हा आहेच, पण सभासद होणं आणि भाग घेणं यालाही मनाई आहे. ग्राहक संरक्षण कायद्याखाली २०२१ साली थेट विक्रीचे नियम आले, त्यांतही अशा साखळीच्या, म्हणजे पिरॅमिड योजनांना बंदी आहे. म्हणून आता हे लोक योजना म्हणत नाहीत. कोर्स म्हणतात, कम्युनिटी म्हणतात, मेंटॉरशिप म्हणतात. कागदावर तुम्ही शिक्षण विकत घेतलेलं असतं. तुमचा प्रश्न इथंच कामाला येतो, नाव काहीही असो.

आणखी एक. छोट्या धंद्यांसाठीचं सरकारी मुद्रा कर्ज २०१५ पासून आहे. शिशु ५० हजारांपर्यंत, किशोर ५ लाखांपर्यंत, तरुण १० लाखांपर्यंत, आणि १० लाखांपर्यंतच्या या कर्जांना तारण लागत नाही. 'कर्ज मंजूर झालंय, आधी प्रोसेसिंगचे अमुक हजार पाठवा' असा फोन आला की तो ठेवून द्या. छोट्या धंद्यांची उद्यम नोंदणीही सरकारी संकेतस्थळावर फुकट होते. तिच्यासाठी दोन-तीन हजार घेणाऱ्या साइट हुबेहूब सरकारी दिसतात. आणि ज्यांना खरोखर शिकायचं आहे त्यांच्यासाठी जिल्ह्याजिल्ह्यात बँकांच्या ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था आहेत. तिथं ग्रामीण तरुणांना फुकट शिकवतात, राहण्या-जेवणासकट.

---

मलप्रभाकाठ (खानापूर)

सगळ्यांचा मान राखून लिहितो. मी सध्या अशाच एका प्रोग्रॅममध्ये आहे. वय २३, डिप्लोमा झालाय. इथं सगळे एकाच बाजूनं बोलायलेत म्हणून लिहावं वाटलं. कॉलेज फी घेत नाही काय? डिप्लोमाला माझ्या बाबांनी तीन वर्षं पैसे घातले, नोकरी लागली नाही, तरी कॉलेजला कुणी फसवणूक म्हणत नाही. आमचे सीनियर महिन्याला ऐंशी हजार घेतात, मी त्यांच्या खात्याचा फोटो बघितलाय. जे मेहनत करत नाहीत ते अपयशी होतात. मला इथं येऊन सहा महिने झालेत. इंग्रजी बोलायची भीती गेली, चार माणसांत उभं राहायला शिकलो. हे काय फुकट हाय?

---

तिखटवाली (वडगाव)

बाळा, लिहिलंस ते बरं केलंस. भीती गेली ही खरी कमाई आहे, ती तुझीच, ती कुणी काढून घेणार नाही. मीही तिथंच फोनवर अनोळखी माणसाशी बोलायला शिकले, आणि आज मेसवालीशी दराचं बोलताना ते उपयोगी पडतं.

तुला एकच काम सांगते. एक वही घे. सहा महिन्यांत तू किती भरलेस आणि किती मिळाले, ते लिही. मिळालेल्या प्रत्येक रुपयापुढं तो कुणाकडून आला त्याचं नाव लिही. मग बघ, त्यातल्या किती जणांनी तो कोर्स शिकायला घेतला आणि किती जणांनी पुढं विकायला. त्या सीनियरांच्या ऐंशी हजारांचंही हेच विचार. इथं लिहायची गरज नाही. तुझं तू बघ.

---

मायक्रॉन (उद्यमबाग)

माझा धंदा वेगळा, सुटे भाग करून देतो, हायड्रॉलिकची फिटिंगं. आमच्यात गिऱ्हाईक म्हणजे कंपनीचा खरेदी विभाग, त्यामुळं वाटत होतं की असली फसवणूक आपल्याला शिवणार नाही. शिवली. नवं शेड घेतलं त्या वर्षी ऑनलाइन यादीत धंद्याचं नाव घालणाऱ्या एका लिस्टिंगवाल्याचा माणूस आला. टाय, लॅपटॉप, गोड बोलणं. वर्षाला ४५,००० चं पॅकेज, रोज चौकशा येतील म्हणाला. आल्या की! रोज चार-पाच. खरं तीच चौकशी आणखी दहा जणांना विकलेली. निम्म्यांना दर नुसता ताडून बघायचा होता, आणि एकाला तर ट्रॅक्टरचं सीट पाहिजे होतं. वर्षभरात एक ऑर्डर, तीही उधारीत अडकली.

मग वडिलांच्या वेळचे एक मिस्त्री होते, त्यांनी मार्ग दाखवला. म्हणाले, "तुझा बाद झालेला पीस घेऊन जा." मी कोल्हापूरला शिरोलीच्या एका कारखान्यात गेलो. टेबलावर एक चांगला पीस ठेवला आणि शेजारी माझ्याच शेडमध्ये बाद केलेला. सांगितलं, हा आम्ही का टाकला ते बघा. आतल्या चुडीवर, म्हणजे आट्यांवर, नखानं चाचपलं तर कळेल इतकीच बारीक कड राहिली होती. त्या साहेबांनी नख फिरवलं, पुन्हा फिरवलं, आणि विचारलं, "एवढ्यासाठी टाकता?" तिथं पन्नास नगांची नमुना ऑर्डर मिळाली. आज आठ वर्षं झाली, त्यांचा माल चालू आहे.

नव्या पोरांना सांगणं एवढंच, की पहिल्या ऑर्डरीपेक्षा दुसरी ऑर्डर मोजा. पहिली ओळखीनं येते, दर पाडून येते, कशानंही येते. दुसरी आली तर तुमचं मार्केटिंग झालं.

---

काठपदर (शहापूर)

आमचं घर मागावरचं. आजोबांचा हातमाग, वडिलांचे चार पॉवरलूम, आणि मी साड्या विकते. ऑनलाइन मीही भरपूर ठेचा खाल्ल्या, म्हणून लिहिते.

'माल न ठेवता विका' असं शिकवणारा एक वर्ग मी केला होता. दुसऱ्याचे फोटो लावायचे, ऑर्डर आली की परस्पर तिकडून पाठवायचं. आपण न बघितलेली साडी! पहिल्या महिन्यात घरपोच रोखीच्या दहा पार्सलांतली चार परत आली. फोटोतला मोरपंखी रंग हातात आला तेव्हा निळा होता. जाण्यायेण्याचं दोन्ही भाडं माझ्या माथी. त्या वर्गात परत येणाऱ्या मालाबद्दल चकार शब्द नव्हता.

आता मी फक्त घरचा आणि गल्लीतल्या तीन मागवाल्यांचा माल विकते, जो मी हातात घेऊन उलगडून बघितलाय. फोटो सकाळी नऊच्या उन्हात, अंगणात. पदर, काठ आणि उलटी बाजू, तिन्ही दाखवते. उलटी बाजू दाखवायला लागल्यापासून माल परत यायचा जवळजवळ थांबला. जाणत्या बायका उलटी बाजूच बघतात, हे आईला माहीत होतं, मला फोनवर विकताना सुचलं नव्हतं.

व्हॉट्सअॅपचंही सांगते. ब्रॉडकास्ट लिस्ट केली तरी ज्यांनी आपला नंबर सेव्ह केलेला नाही त्यांना निरोप जातच नाही. मी दीडशे जणींना पाठवतेय असं समजत होते, पोचत होतं चाळीस जणींना. आता साडी देताना गिऱ्हाइकासमोरच म्हणते, "अक्का, माझा नंबर सेव्ह करा की." गुगलवर दुकान नोंदवायला पैसे लागत नाहीत. 'तुमचं दुकान नकाशावरून निघून जाईल, व्हेरिफिकेशनचे पैसे भरा' असा फोन मला तीनदा आला.

आणि भाषा. माझी निम्मी गिऱ्हाइकं बैलहोंगल, सौंदत्ती, गोकाककडची. ती कन्नड बोलतात. मी आधी फक्त मराठीत लिहायची. मग शेजारच्या मुलीकडून रंगांची, काठांची नावं कन्नडमध्ये लिहून घेतली, चार ओळी पाठ केल्या. मोडकीतोडकी बोलले तरी समोरची बाई हसून बसून घेते. आपल्या भागात दोन भाषा येणं हे धंद्याला केवढं भांडवल आहे! ते बाहेरच्या कुठल्या कोर्सवाल्याला काय कळणार? पाटी करताना मात्र लक्षात ठेवा. २०२४ च्या दुरुस्तीनंतर कर्नाटकात पाटीचा ६० टक्के भाग कन्नड लागतो, आणि तो वरच्या बाजूला. माझ्या ओळखीत एकानं पंधरा हजारांची पाटी केली आणि महिन्यात उतरवली. रंगाऱ्याला सांगायच्या आधी हे मोजून घ्या.

---

काजूबाग (चंदगड)

मी सीमेच्या पलीकडचा, महाराष्ट्रातला, तरी बाजार बेळगावच. काजू सोलून पॅक करतो. छोटा धंदा, जीएसटीच्या मर्यादेच्या कितीतरी खाली. बेळगावातल्या दोन दुकानदारांनी माल मागितलाय. एका ऑनलाइन सल्लागारानं सांगितलं की वर्षाला ४० लाखांच्या विक्रीपर्यंत जीएसटी नोंदणी लागत नाही, बिनधास्त पाठवा. खरं काय?

---

खातेवही (टिळकवाडी)

थांबा, पाठवू नका. ४० लाखांची मर्यादा माल विकणाऱ्यांना आहे, पण ती राज्याच्या आत विकणाऱ्याला. करपात्र माल राज्याबाहेर विकायचा असेल तर उलाढाल कितीही लहान असो, नोंदणी करावीच लागते. यात हस्तकलेच्या काही वस्तूंना सवलत आहे, काजूला नाही. चंदगडहून बेळगाव बाजारहाटाएवढंच लांब, तरी जीएसटीच्या हिशोबानं परराज्यच. नोंदणी करताना कंपोझिशन, म्हणजे छोट्यांसाठीची ठराविक दराची कर योजना, घेऊ नका, त्यात राज्याबाहेर माल विकता येत नाही. ताईंच्या चटणीलाही हेच लागू, कोल्हापूरच्या किंवा गोव्याच्या दुकानाला पाठवायची झाली तर. घरी खायला नेणारं गिऱ्हाईक स्वतः बेळगावात येऊन रोख देऊन घेऊन गेलं, तर तो व्यवहार साधारणपणे इथला.

आपल्या भागात ही चूक फार होते, कारण आपल्या मनात ती रेघ नसते. मामाचं गाव तिकडं, शेत इकडं. पुण्या-मुंबईचे सल्ले सांगणाऱ्यांच्या व्हिडिओत ही अडचण कधी येणार नाही, कारण त्यांच्या गावावरून रेघ जात नाही. स्थानिक कर सल्लागाराला पाचशे-हजार रुपये देऊन अर्धा तास बसा. तो खर्च खरा.

---

तिखटवाली (वडगाव)

कोल्हापूरला चार डबे पाठवायचं परवाच बोलणं झालं होतं. बरं झालं विचारलंत काजूवाले दादा. आधी नोंदणी करते.

लेबलचंही जोडते, कारण खाण्याच्या धंद्यात नवीन माणूस तिथंच अडतो. अन्नसुरक्षेची नोंदणी आधी, मग विक्री. पाकिटावर इंग्रजीत किंवा देवनागरी हिंदीत माहिती लागते, कन्नड-मराठी त्याच्या जोडीला घालता येतं. मी पहिली हजार लेबलं नुसती मराठीत छापली होती. सगळी वाया.

---

निपाणीकर

माझ्या मेव्हण्याचे गेल्या आठवड्यात १८,००० गेले. कोर्स नव्हता, टेलिग्रामवर 'टास्क' होते. दुकानांना रेटिंग द्या, पन्नास रुपये मिळवा. पहिल्या दिवशी खरंच दीडशे आले. मग 'मोठं टास्क', आधी पैसे भरा. आता तो लाजेनं कुणाला सांगेना. बहीण रडून बेजार. काही करता येतं काय?

---

खातेवही (टिळकवाडी)

लगेच सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन करायला लावा. आठवडा गेलाय तरी करा. पहिल्या काही तासांत केला असता तर पैसे मधल्या खात्यात गोठण्याची शक्यता जास्त होती, एवढाच फरक. सोबत सायबर गुन्ह्यांच्या राष्ट्रीय पोर्टलवर तक्रार आणि जिल्ह्याच्या सीईएन (सायबर, आर्थिक आणि अमली पदार्थांचे गुन्हे बघणाऱ्या) पोलीस ठाण्यात अर्ज. व्यवहाराचे क्रमांक, ज्या यूपीआयवर पैसे गेले तो पत्ता, गप्पांचे स्क्रीनशॉट. ग्रुप सोडायच्या आधी हे सगळं काढून ठेवा, ते लोक चॅट पुसून टाकतात. बँकेलाही लेखी कळवा, पोच घ्या. कोर्सची फी, परतावा असल्या तक्रारींसाठी ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे.

आता आणखी एक फोन त्यांना येईल. 'तुमचे बुडालेले पैसे काढून देतो, आधी दोन हजार भरा.' तो त्याच टोळीचा असू शकतो, ज्यांच्याकडं फसलेल्यांची यादी असते. मेव्हण्यांना आजच सांगून ठेवा.

आणि त्यांना एकटं सोडू नका. पैसे गेल्याचं दुःख माणूस सोसतो, घरातल्यांनी 'एवढं कळत नव्हतं का' म्हटलेलं सोसत नाही.

---

निपाणीकर

१९३० वर तक्रार झाली, नंबर मिळाला. मेव्हण्याला मीच घेऊन गेलो होतो पोलीस ठाण्यात. येताना त्यानं दहा दिवसांत पहिल्यांदा पोटभर जेवण केलं. आभारी आहे काका.

---

मलप्रभाकाठ (खानापूर)

काकू, वही घेतली. तीन दिवस लागले.

भरले ते ४१,५००. त्यात बाबांनी गवंडीकामातून दिलेले पंधरा हजार. मिळाले ते २२,४००, नऊ जणांकडून. नऊच्या नऊ नावं लिहिली. सगळे माझ्या वर्गातले नाहीतर गावातले. नऊपैकी शिकायला म्हणून कुणीच घेतला नव्हता. सीनियरना फोन करून तुमचाच प्रश्न विचारला. "निगेटिव्ह लोकांत राहू नकोस" म्हणाले, आणि संध्याकाळी मला ग्रुपमधून काढलं.

आधी वाटलं होतं की इथं परत येऊ नये. खरं नऊ नावं वहीत समोर दिसायलीत. त्यातल्या दोघांच्या घरी काल जाऊन आलो. एक चिडला, एकानं पाणी दिलं. बाकी सात जणांकडं या आठवड्यात जाणार. पैसे एकदम देणं होणार नाही, दर महिन्याला थोडे देतो म्हटलंय. सगळ्यांना तक्रार करायला सोबत घेऊन जायचंय, म्हणून खातेवही काकांनी लिहिलेली कागदपत्रांची यादी पाठवून ठेवली.

आमचं घर कुंभारांच्या गल्लीत आहे. चुलते अजून चाक चालवतात. पणत्या, माठ, झाडांच्या कुंड्या. बेळगावात नर्सरीवाले प्लॅस्टिकच्या कुंड्या विकतात हे बघितलंय. शनिवारी चार मातीच्या कुंड्या घेऊन एकाकडं जाणार आहे. काय विचारू त्याला?

---

तिखटवाली (वडगाव)

आधी विकायचं नाव काढू नकोस. कुंड्या त्याच्या हातात दे आणि विचार, तुमच्याकडं येणारी माणसं मातीची कुंडी का घेत नाहीत? जड होते, फुटते, तळातून पाणी झिरपून फरशी खराब होते, जे सांगेल ते वहीत लिहून घे. मग ती वही चुलत्यांना दाखव.

आणि येताना वडगावात ये. दोन कुंड्या मला पाहिजेत, कढीपत्त्याला. पैसे रोख देईन, पण आधी उलटी करून तळ बघणार.